दगडाला चिकटलेलं पिल्लू गळावर कसं बांधायचं

हंगामाच्या सुरुवातीला थंड, खळाळत्या नदीत पोटरीभर पाण्यात उतरा आणि तळावरचा ताटलीएवढा एखादा दगड अलगद उचलून उलटा करा. बोटं बधिर होतील, पण पाणी निथळायच्या आत नीट बघा. ओल्या दगडावरून काहीतरी काळपट, चपटं सुळकन सरकतं आणि सावलीच्या बाजूला दडतं. दगड फिरवून त्याला पुन्हा उजेडात आणलं की बारकावे दिसायला लागतात. मागं दोन शेपट्या, पुढं दोन लांब मिशा, कोळ्यासारखे बाजूला फाकलेले सहा पाय आणि पाठीवर, पुढे पंख फुटणार त्या जागी, एकामागे एक गडद ढाली. अंग दगडाला इतकं बिलगलेलं की खालून चिमट्याचं टोक सरकवायलाही जागा नसते. हे स्टोनफ्लाय नावाच्या किड्याचं पिल्लू. मासेमारी करणारे त्याला 'निंफ' म्हणतात. बघून झालं की दगड होता तसाच, त्याच जागी ठेवायचा, कारण त्याच्या पोटाशी अख्खी वस्ती नांदत असते.

ट्राउट माशाचं हे हक्काचं खाणं. फ्लाय फिशिंग करणारे गळाला खरं आमिष लावत नाहीत. पीस, केस, धागा, तार आणि रबर वापरून ते गळावरच किड्याची नक्कल बांधतात, आणि त्या नकलेला 'फ्लाय' म्हणतात. काही फ्लाय पाण्यावर तरंगतात, काही बुडतात. स्टोनफ्लायची निंफ ही बुडणाऱ्यांपैकी, आणि हंगाम उघडताना, पाणी अजून बोचरं असताना, डबीत सगळ्यात आधी जिच्याकडे हात जावा अशी.

ती बांधायला शिकताना बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात. ती हुबेहूब दिसावी म्हणून ते डोळे, सांधे, नख्या यांच्या मागे लागतात. माझं म्हणणं असं की आधी ती बुडते कशी ते बघा, मग तळाशी पोचल्यावर तिचा बांधा कसा दिसतो ते बघा. या दोन गोष्टी साधल्या तर डोळे नसले तरी मासा गळाला लागतो, आणि या दोन चुकल्या तर डोळे कितीही सुंदर असले तरी ते माशाला दिसतच नाहीत, कारण फ्लाय त्याच्या डोक्यावरून निघून जाते.

किडा आधी ओळखीचा करून घ्या

शास्त्रात या किड्यांच्या गणाला प्लेकोप्टेरा म्हणतात. मोठी झालेली स्टोनफ्लाय बसते तेव्हा पंखांची घडी घालून ते पाठीवर सपाट ठेवते, नावाचा रोखही पंखांच्या घडीकडेच आहे. जगात यांच्या ३,५०० हून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि अंटार्क्टिका सोडला तर सगळ्या खंडांवर त्या सापडतात.

यांना लागतं थंड, स्वच्छ, खेळतं पाणी. कारण साधं आहे. पाणी जितकं थंड तितका त्यात प्राणवायू जास्त विरघळतो. ० अंश सेल्सियसला एका लिटर पाण्यात सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर २० अंशांना सुमारे ९.१ मिलिग्रॅमच. स्टोनफ्लायच्या बऱ्याच जातींचे कल्ले पायांच्या मुळाशी, छातीच्या खालच्या अंगाला असतात, मऊ धाग्यांच्या झुबक्यांसारखे. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की यांतल्या काही निंफ दगडावर पाय रोवून चक्क जोर काढतात. अंग वर, अंग खाली. त्या हालचालीनं कल्ल्यांवरून ताजं पाणी फिरतं. काचेच्या भांड्यात हे एकदा बघितलं की विसरत नाही. नदी किती निर्मळ आहे हे तपासणारे अभ्यासकही सगळ्यात आधी हेच किडे शोधतात, कारण पाणी बिघडलं की पहिल्यांदा नाहीसे होणाऱ्यांत हे असतात.

फुलपाखराला मधे कोशाची अवस्था असते, स्टोनफ्लायला ती नसते. अंडं, मग निंफ, आणि मग थेट पंख असलेला मोठा किडा. निंफ वाढते तशी पुन्हापुन्हा कात टाकते. कात टाकल्यावर थोडा वेळ ती जवळजवळ पांढरी, सायीच्या रंगाची आणि मऊ असते. लहान जातींचं हे सगळं वर्षभरात उरकतं. पण अमेरिकेच्या पश्चिम भागातली सॅल्मनफ्लाय, म्हणजे टेरोनार्सिस वंशातली बोटाएवढी मोठी जात, ३ ते ४ वर्षं पाण्याखालीच काढते. म्हणून अशा नदीत कुठल्याही दिवशी लहान, मध्यम आणि मोठ्या अशा सगळ्या मापांच्या निंफ एकाच वेळी हजर असतात. हंगाम कधीही उघडो, ट्राउटला त्यांची ओळख कायम असते.

आणखी दोन सवयी बांधणाऱ्याच्या कामाच्या आहेत. एक, स्टोनफ्लायच्या निंफला पोहणं जवळजवळ येत नाही. दगडावरचा पाय सुटला की ती अंग मुडपून किंवा पाय पसरून, असहाय, तळालगत वाहत जाते. दोन, पंख फुटायची वेळ आली की ती चालत काठाकडे येते, पाण्याबाहेरच्या दगडावर किंवा झाडाच्या खोडावर चढते आणि तिथं शेवटची कात टाकते. काठावरच्या दगडांवर पाठीत उभी फाटलेली, आत काहीच नसलेली तपकिरी टरफलं दिसली की समजायचं, रात्री किंवा पहाटे मंडळी इथून गेली. ती टरफलं उचलून खिशात टाका. बांधायला बसल्यावर माप आणि आकार बघायला याहून चांगला नमुना नाही.

मेफ्लाय नावाच्या दुसऱ्या किड्याची निंफ हिच्याशी नेहमी गल्लत करवते. मेफ्लायला बहुतेक वेळा तीन शेपट्या असतात, काही जातींत दोनही, म्हणून नुसत्या शेपट्या मोजून भागत नाही. पोटाकडे बघा. मेफ्लायचे कल्ले पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे हलत असतात, स्टोनफ्लायचं पोट बाजूंनी सहसा स्वच्छ दिसतं. भिंग असेल तर पायाची टोकं बघा: मेफ्लायला एक नखी, स्टोनफ्लायला दोन.

थंड पाण्यात हीच का

मार्च-एप्रिलात, जेव्हा थंड देशांतल्या अनेक नद्यांवर ट्राउटचा हंगाम उघडतो, तेव्हा पाणी ४ ते ७ अंशांच्या आसपास असणं काही नवल नाही. मासा शीतरक्ताचा. पाणी गार तर तोही गार, त्याचं पचन मंद आणि हालचालही मंद. अशा वेळी तो जोराच्या धारेत उभा राहत नाही. खोल, संथ पट्ट्यात, तळाशी, दगडाच्या आडोशाला पडून राहतो आणि तोंडासमोर येईल तेच खातो. हातभर बाजूला सरकायलाही तो तयार नसतो. त्यामुळे थंडीत फ्लाय खोल नेली तर मासा लागतो, आणि उथळ राहिली तर दिवस फुकट जातो.

त्यात बर्फ वितळायला लागलं की पाणी चढतं आणि गढूळ होतं. वाढलेली ओढ तळाचे दगड हलवते, निंफचे पाय सुटतात आणि त्या वाहायला लागतात. गढूळ पाण्यात मोठी, गडद आकृती लवकर नजरेत भरते. थंडीनं सुस्तावलेल्या माशालाही एका घासात भरपूर मिळणार असेल तर तोंड उघडावंसं वाटतं.

पण सुरुवातीच्या हंगामाची स्टोनफ्लाय म्हणजे फक्त मोठी स्टोनफ्लाय नव्हे, इथं बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. अमेरिकेच्या पूर्वेकडे जानेवारी ते एप्रिलमध्ये जी बाहेर येते ती बारीक काळी जात, जेमतेम नखाएवढी. काठावर बर्फ असताना त्या बर्फावरून ती चालताना दिसते. या हिवाळी कुळांतल्या काही जातींच्या निंफ उन्हाळाभर तळाच्या खडीत खोल निपचित पडून राहतात आणि पाणी गार झाल्यावर भराभर वाढतात, म्हणजे त्यांचं सगळं गणित उलटं. पश्चिमेला मोंटानातल्या बिटररूट आणि वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा या नद्यांवर मार्च-एप्रिलमध्ये स्क्वाला नावाची मध्यम आकाराची, ऑलिव्ह-तपकिरी जात बाहेर येते. उत्तर इंग्लंडात मोठ्या जातींच्या निंफला 'क्रीपर', म्हणजे सरपटणारी, असं जुनं नाव आहे, आणि तिथं एप्रिल-मेमध्ये ती गळाला लावायची जुनी रीत आहे. म्हणून डबीत एक मोठी गडद, एक मध्यम तपकिरी आणि एक बारीक काळी अशा तीन जणी असू द्या. बाकी हौस.

वजन: फ्लायचा खरा सांगाडा

पाण्याचा वेग वर आणि खाली सारखा नसतो. तळाच्या दगडांशी घासून खालचा थर मंद होतो, वरचा थर पुढे धावतो. निंफ खालच्या मंद थरात हवी आणि लाइन, म्हणजे काठीपासून येणारी दोरी, असते वरच्या धावत्या थरात. लाइन फ्लायला पुढे आणि वर ओढत राहते. या ओढीला तोंड देऊन फ्लाय खाली नेणारी एकच गोष्ट, तिच्या पोटात दडवलेलं वजन.

वजनाला तीन धातू चालतात. पितळेची घनता घन सेंटीमीटरला साधारण ८.५ ग्रॅम, शिशाची ११.३ आणि टंगस्टनची १९.३. म्हणजे त्याच आकाराचा टंगस्टनचा मणी पितळेच्या मण्याच्या दुपटीहून जड. बारीक फ्लायमध्ये जागाच नसते, तिथं टंगस्टनला पर्याय नाही. मोठ्या फ्लायला तार गुंडाळून भागतं. शिशाची तार मऊ आणि सोयीची असली तरी मी ती सोडून दिली आहे आणि तुम्हीही सोडा असं मनापासून सांगेन. तळाशी अडकून तुटलेली फ्लाय नदीतच राहते आणि गिळलेलं शिसं पाणपक्ष्यांना मारतं. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात तर शिशानं जड केलेल्या फ्लायना बंदीच आहे. शिसं नसलेली तार थोडी हलकी आणि थोडी ताठ असते, दोन वेढे जास्त घ्यायचे की झालं.

आता वजन कसं लावायचं, कारण बांधा इथंच ठरतो. तार दांडीभोवती गोल गुंडाळली की अंग गोल होतं, सुरवंटासारखं. दगडाखाली पाहिलेलं पिल्लू चपटं होतं. चपटेपणा हवा असेल तर तारेचे दोन सरळ तुकडे कापा आणि दांडीच्या डाव्या-उजव्या बाजूला एकेक ठेवून धाग्यानं आवळा. वरून बघितलं तर दांडी रुंद दिसते, बाजूनं बघितलं तर सडसडीत. तारेची जाडी गळाच्या दांडीएवढी किंवा किंचित कमी असावी. तुकड्यांची टोकं तिरकी कापायची, नाहीतर तिथं पायरी पडते आणि वरचं सगळं अंग त्या पायरीवर अडखळतं.

एक फ्लाय, हातासमोर

मधल्या मापाची तपकिरी निंफ घेऊ. गळ ८ नंबरचा, लांब दांडीचा. गळाच्या नंबरांचं लक्षात ठेवा: नंबर वाढला की गळ लहान होतो. पाकिटावर 'तीन एक्स लांब' लिहिलं असेल तर दांडी त्याच्याहून तीन मापं मोठ्या गळाएवढी लांब आहे असं समजायचं. स्टोनफ्लायचं अंग लांबट असतं, म्हणून अशी दांडी.

व्हाइसमध्ये, म्हणजे गळ घट्ट धरून ठेवणाऱ्या शिकंज्यात, गळ पकडायच्या आधी चपट्या पकडीनं त्याचा उलटा काटा दाबून टाका. असा गळ माशाच्या तोंडातून लगेच निघतो आणि मासा इजा न होता परत सोडता येतो. शिवाय दाबताना एखादा गळ मोडतोच, तो आत्ता मोडलेला बरा. वीस मिनिटं खपून बांधलेल्या फ्लायचं टोक शेवटी तुटलं की फार जिवाला लागतं.

नेढ्यामागून सुरुवात करून धाग्याचे वेढे घेत बाकापर्यंत जा आणि परत या. धागा साधारण १४० डेनियरचा, गडद तपकिरी. नुसत्या गुळगुळीत धातूवर काहीही टिकत नाही, ही धाग्याची बैठक हवीच. मग दोन्ही बाजूंना तार आवळा, वर झटपट सुकणाऱ्या गोंदाचा एक थेंब सोडा, आणि सुकल्यावर पकडीनं एकदा हलकेच दाबा. व्हाइसमध्ये आता एक चपटी पट्टी उभी आहे. किडा अजून दिसत नाही, पण अर्धं काम झालेलं आहे.

शेपटीसाठी हंसाच्या पंखातल्या मोठ्या पिसाची अरुंद कड घ्या. तिथले आखूड, ताठ, टोकदार काटे म्हणजे बायट. प्रत्येक बायटला अंगचाच बाक असतो. दोन बायट, दोन्ही बाजूंना एकेक, बाक बाहेरच्या दिशेनं, म्हणजे शेपट्या इंग्रजी 'व्ही'सारख्या फाकतात. इथं नवखे हात हमखास फसतात: धागा आवळला की बायट गोल फिरून दांडीच्या वर किंवा खाली जाऊन बसतो. त्यावर दोन उपाय. दांडीच्या टोकाशी केसांची एक बारीक गोळी धाग्यानं आधीच बांधून ठेवा, ती दोन्ही शेपट्यांना पाचरीसारखी अलग धरते. आणि बायट अंगठा व तर्जनीच्या चिमटीत पक्का धरा, धाग्याचा एक सैल फेरा त्या चिमटीच्या आतून वर न्या, पलीकडे उतरवा आणि मग सरळ खाली ओढा. चिमूट अजून सोडायची नाही. दुसरा फेरा, तिसरा फेरा, मग बोटं उघडा. बायट होता तिथंच असेल. ही चिमूट एकदा जमली की फ्लाय बांधण्यातली निम्मी कटकट संपते, म्हणून सुरुवातीला फक्त एवढंच दहा-वीस वेळा बांधून सोडून बघा.

पोट करायचं डबिंगनं. डबिंग म्हणजे पिंजलेले केस. सशाच्या चेहऱ्यावरचे आखूड, खरखरीत केस सगळ्यात चांगले, कारण त्यांत मऊ लव आणि ताठ केस दोन्ही असतात. चिमूटभर केस धाग्याला लावून एकाच दिशेला वळायचे, वात वळतात तसे. केस नेहमी वाटतात त्याच्या निम्मे घ्या. मागं बारीक आणि पुढं येताना जाड, असं निमुळतं पोट दांडीच्या निम्म्यापर्यंत आणा. त्यावरून तांब्याची बारीक तार सारख्या अंतरानं पाच-सहा वेढ्यांत पुढे न्या. त्या वेढ्यांनी पोटाला वळ्या पडतात आणि माशाच्या दातांनी केस सुटत नाहीत.

रंग निवडताना एक सवय लावून घ्या: केस आधी पाण्यात भिजवून बघा. कोरडं असताना छान मधाळ दिसणारं तपकिरी ओलं झालं की दोन छटा गडद होतं, आणि मासा ते ओलंच बघणार आहे. खऱ्या निंफची पाठ गडद आणि पोट फिकं असतं. म्हणून फिकट केसांचं पोट करून वरून तपकिरी मार्करची एक रेघ ओढली तरी काम भागतं.

पुढचा निम्मा भाग म्हणजे छाती आणि डोकं. स्टोनफ्लायची छाती रुंद आणि तीन भागांची असते. तिला जागा कमी पडली की फ्लाय कुठल्याही भलत्या किड्याची होते. टर्कीच्या शेपटीच्या पिसाची एक पट्टी घ्या, तिला आधी पातळ लवचीक गोंद लावून सुकवलेलं असावं, नाहीतर ती बांधताना उभी चिरते. टोकाला कात्रीनं खाच द्या आणि खाच मागं, पोटावर येईल अशी बांधा. ही पंखाची पहिली ढाल. तिच्यापुढं जाडसर डबिंग, दोन्ही बाजूंना पाय, मग दुसरी खाच दिलेली ढाल, पुन्हा डबिंग, पुन्हा पाय. शेवटी उरलेली पट्टी डोक्यावर दुमडून टाका.

पायांसाठी मला बारीक, मऊ रबराचे धागे आवडतात. पिसाचे पाय नाजूक दिसतात, पण रबर संथ पाण्यातही आपोआप थरथरतं, आणि थंडीतल्या माशाला तेवढी हालचाल पुरते. रबराचा तुकडा दांडीला आडवा धरून धाग्याचे इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फेरे घेतले की तो बाजूंना सरळ उभा राहतो. लांबी गळाच्या बाकाच्या रुंदीच्या साधारण दीडपट. जास्त लांब ठेवलं की पाय गळाच्या टोकाला वेढा घालतात आणि गळ माशाच्या तोंडातून निसटतो.

नेढ्याच्या मागं दांडी थोडी मोकळी ठेवायला विसरू नका. शेवटची गाठ तिथं बसायची आहे. ती जागा पोटातच खर्च झाली तर गाठ नेढ्यावर चढते, आणि नदीकाठी गारठलेल्या बोटांनी दोरा ओवताना नेढं बुजलेलं सापडतं. गाठ मारा, वार्निशचा थेंब सोडा, सुई घालून नेढं मोकळं करा. शेवटी सुईनंच छातीखालचे केस थोडे बाहेर ओढा. ते विस्कटलेले केस म्हणजे पायांच्या मुळाशी दिसलेले कल्ले.

मिशा मी बांधत नाही. दोन-चार फेकींत त्या मोडतात आणि मोडल्यानं माशाचं काही अडत नाही.

सोपी बहीण आणि धाकटी बहीण

वरची फ्लाय शिकण्यासाठी उत्तम, कारण तिच्यात सगळं कसब येतं. पण तळाला घासत जाणारी फ्लाय हरवणारच. दिवसभरात चार-पाच गेल्या तरी हळहळ वाटू नये अशी एक सोपी फ्लाय हाताशी हवी. 'पॅट्स रबर लेग्ज' या नावानं ओळखली जाणारी फ्लाय अशीच आहे. लांब दांडीवर तारेचे वीसेक वेढे, मागं रबराच्या दोन शेपट्या, दोन रंगांच्या मखमली दोऱ्याचं, म्हणजे शनीलचं अंग, बाजूंना रबराचे पाय, पुढं रबराच्या दोन मिशा. बस. ढाल नाही, वळ्या नाहीत. हात बसला की पाच मिनिटांत होते आणि मासे तिला तितक्याच आवडीनं घेतात. बांधा आणि वजन बरोबर असलं की पुरतं, हे मला याच फ्लायनं शिकवलं.

धाकटी म्हणजे बारीक काळी हिवाळी निंफ. १४ किंवा १६ नंबरचा गळ, पुढं टंगस्टनचा बारीक काळा मणी, काळ्या बायटच्या शेपट्या, नुसत्या काळ्या धाग्याचं सडपातळ पोट, त्यावर बारीक तार, आणि मण्यामागं काळ्या केसांचा छोटासा पुंजका. हिला जाड करायचा मोह आवरा. खरी निंफ काडीसारखी बारीक असते.

एकच फ्लाय तीन वजनांत बांधून ठेवा: हलकी, मध्यम, जड. डबीत त्या सारख्याच दिसतील, म्हणून डोक्याच्या धाग्याचा रंग बदला. जड असेल तिला लाल, मध्यम तपकिरी, हलकी काळी. नदीवर फ्लायचा आकार बदलण्याआधी वजन बदलून बघा.

बरणीतली परीक्षा

बांधलेली फ्लाय नदीवर नेण्याआधी पाण्यानं भरलेल्या काचेच्या बरणीत सोडा. ती किती वेगानं जाते, नाक आधी की शेपटी आधी, आणि पाठ वर राहते का, हे सगळं दिसतं. पहिल्यांदा सोडाल तेव्हा केसांत अडकलेल्या हवेनं ती क्षणभर तरंगेल. बोटांनी पाण्यात दाबून हवा काढा आणि पुन्हा सोडा. बऱ्याच फ्लाय उलट्या होऊन पोट वर करून जातात. वजन दांडीच्या वरच्या अंगाला जास्त झालं की असं होतं. जिग गळ, म्हणजे नेढ्याजवळ वाकवलेल्या दांडीचा गळ, मुद्दाम टोक वर ठेवून वाहतो. त्यामुळे तो तळाला कमी अडकतो, पण मग पाठीची ढाल टोकाच्या बाजूला बांधावी लागते.

या उलटण्यावर मोंटानातले फ्लाय फिशिंगचे लेखक चार्ल्स ब्रुक्स यांनी फार मूलगामी विचार केला. ते स्वतः नदीत पाण्याखाली जाऊन बघत. खरी निंफ वाहताना पाठ वरच ठेवते, नकली मात्र भोवऱ्यात गरगरते आणि पाठ-पोट असा भेद असलेली फ्लाय माशाला क्षणाक्षणाला बदलताना दिसते, असं त्यांचं निरीक्षण. म्हणून त्यांनी सगळीकडून सारखी दिसणारी, पाठ-पोट नसलेली गोल निंफ बांधली. जोराच्या, उसळत्या पाण्यात मला त्यांचं पटतं. सुरुवातीच्या हंगामात आपण ज्या संथ, खोल पट्ट्यात फ्लाय टाकतो तिथं ती कमी गरगरते, आणि तिथं चपटी फ्लायच मला खरी वाटते.

पाण्यात

घाई न करता निघा. थंडीत दुपार चांगली, पाणी एखाद-दोन अंशांनी वाढलं तरी मासे जागे होतात. खळाळ संपून पाणी खोल होतं ती कड शोधा. फ्लाय प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाका, तिला बुडायला वेळ द्या, आणि लाइन सैलही नाही आणि ताणलेलीही नाही अशी ठेवून तिला प्रवाहाच्या चालीनं येऊ द्या. फ्लायच्या जवळचा दोरा जितका बारीक तितकी ती लवकर खाली जाते. मोठ्या निंफच्या मागं हातभर दोऱ्यावर धाकटी काळी बांधली तर थोरली दोघींना तळाशी नेते. अशा दोन फ्लायना परवानगी आहे का, हे त्या नदीच्या नियमांत आधी बघून घ्यायचं.

मधूनमधून तळाचा ठोका लागला पाहिजे. दहा फेकींत एकदाही फ्लाय दगडाला टेकली नाही तर लाल डोक्याची काढा. प्रत्येक फेकीला अडकत असेल तर काळ्या डोक्याची. अडकून सुटलेल्या फ्लायचं टोक नखावर हलकेच टेकवून बघा. ते घसरलं तर कानशीनं दोन हात मारा, नखात रुतलं तर चालू द्या.

थंड पाण्यातला ट्राउट झटका देत नाही. तो तोंड उघडतो, निंफ आत घेतो आणि तिथंच थांबतो. वर तुम्हाला एवढंच दिसतं की वाहत येणारी लाइन मधेच थबकली. बहुतेक वेळा तो दगड असतो. तरी प्रत्येक वेळी काठी उचला.